साळूबाईची पत्रावळ आणि कोल्ह्याची पाटी

एका जंगलात पळसाच्या राईला लागून एक साळू राहत असे. आता हे जंगल नेमके कोणते, असे विचारू नका बाळांनो. गोष्टीतल्या जंगलाचा पत्ता शोधत बसणाऱ्याची गोष्ट अर्धीच राहते. साळू म्हणजे साळिंदर, एवढे मात्र सांगून ठेवते. अंगभर लांबलांब काळेपांढरे काटे, चालणे डुलत डुलत, आणि स्वभाव काट्यांच्या अगदी उलट. कोणी मोठ्याने ‘साळूबाई’ म्हणून हाक मारली, तर ती आधी लाजायची आणि मग ओ द्यायची.

या साळूबाईचा पत्रावळी लावायचा धंदा होता. जंगलात कोणाचे बारसे असो, डोहाळजेवण असो की नुसतेच चार शेजाऱ्यांचे वनभोजन, जेवायची पाने साळूबाईकडूनच जायची. आपल्याच अंगावरून गळालेला एखादा काटा ती सुईसारखा धरायची, पानाला भोक पाडायची आणि गवताच्या काडीने एका पानाला दुसरे पान टाचायची. बदल्यात गिऱ्हाइके कंदमुळे आणून देत. बिळाच्या मागे तिने एक खड्डा खणून ठेवला होता. त्यात हे कंद साठायचे आणि साळूबाई व तिची दोन पिल्ले थंडीभर त्यावर राहायची.

तिच्या घराण्यात एक रीत होती. पळसाच्या एका देठाला पाने तीन. त्यातली कडेची दोन घ्यायची आणि मधले सोडायचे. ‘दोन आपली, मधलं झाडाचं,’ असे पुटपुटतच ती तोडणी करायची. जेवणे उरकली, की उष्ट्या पत्रावळी वारुळापाशी नेऊन ठेवायची. वारुळातली वाळवी आमंत्रणाची वाट कधीच बघत नसे. सकाळी पाहावे, तर पत्रावळीही नाहीत, काड्याही नाहीत, आणि वाळवी सुस्तावून पडलेली.

सगळे असे सुरळीत चालले असताना माकडाने दुकान टाकले. जंगलाच्या कडेला तळे होते. तिथे माणसे सहलीला येत आणि जेवून झाले, की प्लॅस्टिकची चकचकीत ताटे तिथेच टाकून जात. माकडाने ती गोळा केली, ओढ्यात बुचकळली आणि ते झाडावर बसून ओरडू लागले, “चकचकीत ताटं! चांदीसारखी ताटं! जेवता जेवता स्वतःचं तोंड बघा!”

या शेवटच्या वाक्याने सगळा घोटाळा केला. आपले तोंड बघायला कोणाला आवडत नाही? गवा तर ताटात आपली शिंगे न्याहाळण्यात इतका गुंगला, की त्याच्या वाटचा भात शेजारच्या सशाने कधी संपवला ते त्याला कळलेच नाही. जो तो माकडाकडे जाऊ लागला. उष्टी ताटे वारुळापाशी गेली, तेव्हा वाळवीने मोठ्या आशेने तोंड लावले आणि दात आंबवून घेतले. मग ती ताटे ओढ्याच्या वळणावर साचली, पाणी तुंबले, बेडकांची घरे बुडाली. बेडूक रात्रंदिवस तक्रार करत होते; पण बेडूक तसेही रात्रंदिवस ओरडतच असतात, म्हणून कोणी लक्ष दिले नाही.

इकडे साळूबाईचा खड्डा रिकामा पडत चालला. दिवाळी सरली, हवेत गारवा आला. पिल्ले रोज खड्ड्यात डोकावत आणि वर येऊन आईच्या तोंडाकडे बघत. ती काही विचारत नसत, याचेच साळूबाईला जास्त वाईट वाटे.

अशा वेळी तिच्या दारात कोल्हा आला. कोल्हा हा जंगलातला सल्लागार. त्याने स्वतः आयुष्यात एकही धंदा केला नव्हता, त्यामुळे सल्ला द्यायला त्याच्याकडे भरपूर वेळ असे.

“साळूबाई,” कोल्हा म्हणाला, “माल तुझा बावनकशी. पण जंगलाला ते ठाऊक आहे का?”

“आहे की,” साळूबाई म्हणाली. “सगळे माझ्याच पत्रावळीवर जेवून मोठे झालेत.”

“जेवलेत गं! पण तू मधलं पान झाडाला सोडतेस, हे कोणाला माहीत आहे?”

साळूबाईने जरा विचार केला. “पळसाला माहीत आहे.”

“पळस काय गिऱ्हाईक घेऊन येणार आहे?” कोल्ह्याने कपाळाला हात लावला. “अगं, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत. हल्ली नुसतं चांगलं असून भागत नाही, चांगलं आहे असं ओरडावं लागतं. तुझी जाहिरात मी करतो. मला काही नको. तुझ्या पत्रावळी जिथे जातील, तिथल्या पंगतीत पहिलं पान माझं. कबूल?”

साळूबाईला हे काही फार वाटले नाही. खरे सांगायचे, तर कोल्हा चुकीचे बोलत नव्हता. चांगले काम करणाऱ्याने चार शब्द सांगायला हरकत काय? घोटाळा त्याच्या पुढच्या वाक्यात होता.

“पाट्या लावायच्या,” कोल्हा म्हणाला, “आणि त्याही पळसाच्या पानांच्याच. आपण पानांचा धंदा करणारे. दगडावर लिहिलं, तर जंगल आपल्याला पाथरवट समजेल!”

मग पाट्या तयार झाल्या. भरपूर पाने टाचून गोधडीएवढी पाटी करायची आणि साळूच्या काट्याने तिच्यात अक्षरे टोचायची. उन्हात टांगली, की अक्षरांच्या भोकांतून उजेड झिरपायचा आणि लांबून वाचता यायचे : ‘एक पान राखू, जंगल राखू! साळूबाईची हिरवी पत्रावळ.’ पाटी दिसायला सुरेख होती, हे मी नाकारणार नाही. साळूबाई स्वतःच तिच्यासमोर उभी राहून पुन्हा पुन्हा वाचत होती आणि लाजत होती.

पण पान ते पानच. चार उन्हे लागली, की पाटी तपकिरी व्हायची आणि कडांनी वळायची.

“वाळकी पाटी लावून हिरवा धंदा करणार?” कोल्हा ओरडायचा. “ताजी लाव, ताजी!”

ताज्या पाट्या लागल्या. मग प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक, पाणवठ्यावर एक, माकडाच्या दुकानासमोर मुद्दाम एक. मग आरोळी ठोकायला टिटवी ठेवली, तिला पानांची टोपी. मग कोल्ह्याच्या डोक्यातून आणखी एक निघाले. पत्रावळ उघडी द्यायची नाही. ती दोन पानांत गुंडाळून, वर वेल बांधून द्यायची आणि त्या गुंडाळणीवर टोचायचे, ‘झाड वाचवून बनवलेली’. गिऱ्हाइके ती गुंडाळणी टराटरा फाडून फेकत आणि म्हणत, “वा, झाडांची किती काळजी घेते बाई!”

धंदा खरोखर वाढला. खड्ड्यात कंद पडू लागले. साळूबाई पहाटेपासून पाट्या लावत होती आणि पत्रावळी लावायला तिला दुपारनंतर सवड मिळत होती. एके दिवशी कडेची पाने पुरेनाशी झाली. देठावर मधले पान तेवढे उरले होते. साळूबाईचा पंजा त्याच्यापाशी जाऊन थबकला.

“एवढ्यापुरतंच हं,” ती पळसाला म्हणाली.

पळस काहीच बोलला नाही. बोलला असता, तर मला पुढची गोष्ट सांगावी लागली नसती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ‘एवढ्यापुरतंच’ म्हणाली, आणि तिसऱ्या दिवसापासून म्हणायचेही विसरली.

आणि मग मार्गशीर्षात अस्वल तिच्याकडे आले. ते लेकीचे लग्न काढून बसले होते. वरपक्ष होता पलीकडच्या डोंगरावरचा.

“साळूबाई, मोठी नाकं आहेत त्यांची,” अस्वल काकुळतीने म्हणाले. “नावं ठेवायला टपूनच येतील. त्यांच्याकडे म्हणे कचऱ्याचा कपटा दिसत नाही. माझ्या मांडवात ते माकडाचं चकचकीत काही नको. सगळं जंगल जेवायला आहे, सगळ्यांना तुझ्याच पत्रावळी हव्यात. तुझा खड्डा मी काठोकाठ भरून देईन, वर मधाचं पोळं.”

साळूबाई तोंड उघडणार, तोच कोल्हा मध्ये पडला. “दिल्या म्हणून समजा! शिवाय पानांची कमान, मांडवाला पानांची झालर, वाटेवर पाट्या. सगळं हिरवंगार!”

पिल्लांनी ‘काठोकाठ’ हा शब्द ऐकला आणि बिळात नाचायला सुरुवात केली. साळूबाई आनंदाने टोपली घेऊन राईत गेली.

राईत पान नव्हते.

एकाही पळसावर नव्हते. फांद्या नुसत्या काटक्यांसारख्या उभ्या होत्या. साळूबाई या झाडाखालून त्या झाडाखाली धावली, टाचा उंचावून पाहिले, मागे जाऊन पाहिले. शेवटी राईच्या टोकाला काहीतरी हिरवे हलताना दिसले, म्हणून ती धापा टाकत तिथे पोहोचली. एका उघड्याबोडक्या पळसाला कालचीच पाटी टांगलेली होती : ‘एक पान राखू, जंगल राखू!’ राईतली शेवटची पाने त्या पाटीत होती. साळूबाई तिथेच मटकन बसली आणि रडू लागली. नवी पाने आता चैत्राशिवाय येणार नव्हती.

कोल्हा तिला शोधत आला. त्याने राईकडे पाहिले, साळूबाईकडे पाहिले आणि क्षणभर तोही गप्प झाला. पण सल्लागार फार वेळ गप्प बसला, तर त्याचे पोट दुखते.

“रडतेस काय! ओढ्यावर माकडाची टाकलेली ताटं पडलीत ढीगभर. उचलून आण. जुन्या पाट्यांची पानं सोडव आणि डिंकाने वरून चिकटव. वर पान, खाली ताट.”

“पण ही लबाडी झाली, कोल्हेभाऊ.”

“कसली लबाडी? आजवर पत्रावळ उलटून बघितलीय का कोणी? आणि पिल्लांना थंडीत काय देणार आहेस, पाटी?”

हे बोलणे साळूबाईला लागले. तिने ओढ्यावरून एक ताट आणले, धुतले आणि त्यावर पाने चिकटवली. दिसायला ती पत्रावळच दिसत होती. पण जुनी सवय जाते कुठे? पत्रावळ कशी झाली आहे हे बघायला तिने ती वारुळापाशी नेऊन ठेवली. वाळवी लगबगीने बाहेर आली. बऱ्याच दिवसांत तिला धड काही मिळाले नव्हते. बघता बघता वरची पाने गट्ट झाली आणि खालून ताट चकाकू लागले. वाळवीने त्यात आपली तोंडे पाहिली, पण ती गव्यासारखी खूश झाली नाही.

“बाई,” वाळवी एका सुरात म्हणाली, “तुम्हीसुद्धा?”

एवढेच बोलून ती आत निघून गेली. साळूबाईला इतकी लाज वाटली, की तिचे काटे आपोआप अंगाला चिकटून बसले. ताट तिथेच टाकून ती उठली आणि तडक अस्वलाच्या गुहेकडे निघाली.

“अस्वलदादा, पत्रावळी होणार नाहीत,” ती दारातूनच म्हणाली. “राईत पान उरलं नाही.”

“उरलं नाही?” अस्वल उडालेच. “आणि त्या तुझ्या पाट्या? जिकडे बघावं तिकडे पाट्या!”

“त्यांच्यातच गेली सगळी.”

अस्वलाने डोके खाजवले. “म्हणजे झाडं वाचवतो हे सांगायला तू झाडं बोडकी केलीस?”

“हो,” साळूबाई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की अस्वलाला खाली वाकून ऐकावे लागले. “मधलं पान मीच तोडलं. कोल्ह्याने नाही.”

अस्वल आधी गुरगुरले. मग गुहेत इकडून तिकडे फेऱ्या मारू लागले. “वरपक्ष काय म्हणेल? मी काय सांगू त्यांना? जेवायचं कशावर?”

“एके वर्षी पळस उशिरा पालवला होता,” साळूबाई म्हणाली, “तेव्हा जंगल आपापलं ताटभांडं घेऊन जेवायला गेलं होतं. तसंच बोलावणं पाठवू. वरपक्षाला काय ते मी सांगते. खरं तेच सांगते.”

अस्वलाला दुसरा काही मार्ग सुचत नव्हता, म्हणून ते कबूल झाले. टिटवीने टोपी काढून ठेवली आणि रानभर फिरून ओरडली, “अस्वलाकडे लग्न! जेवायला या! आपापलं भांडं आणा!”

लग्नाच्या दिवशी जी पंगत बसली, तशी त्या जंगलात कधी बसली नव्हती. खारीने करवंटी आणली होती. सशांनी गळून पडलेली केळीची सोपटे धुऊनपुसून आणली. गव्याने मधोमध खळगा पडलेला एक दगड ढकलत ढकलत आणला आणि मांडवाचा एक खांब पाडला. कासव भांडे विसरले, म्हणून त्याने शेजाऱ्याच्या खोलगट लाकडात तोंड घातले आणि दोघांचे भांडण जुंपले. माकड मात्र दिमाखात चकचकीत ताट घेऊन बसले. त्यात हुलग्यांची कढत आमटी पडली मात्र, ताट मऊ झाले, दुमडले आणि सगळी आमटी माकडाच्या मांडीवर आली. माकडाने जी उडी मारली, ती थेट मांडवाच्या आढ्यावर.

साळूबाई वरपक्षासमोर उभी राहिली. तिने सगळे सांगितले. पाट्या कशा लावल्या, मधले पान कसे तोडले, ताटांवर पाने चिकटवायला कशी बसली होती. नवरदेवाची आई, एक जाडजूड अस्वलीण, कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. वधूपित्याने तर डोळेच मिटून घेतले होते.

तेवढ्यात पंगतीच्या टोकाला कोल्हा दिसला. तो पहिल्या जागेवर मांडी घालून बसला होता. आपला कबूल केलेला मान तो सोडणार थोडाच? पण त्याच्या पुढ्यात पान कुठले? भांडे आणायचे त्याला काही सुचले नव्हते, कारण बोलावणे इतरांसाठी असते अशी त्याची समजूत होती. वाढपी आमटी घेऊन समोर येऊन उभा राहिला. कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिले, मांडवाच्या दाराला त्यानेच टांगलेली एक जुनी पाटी ओढून काढली, समोर अंथरली आणि म्हणाला, “वाढा!”

वाढप्याने डावभर आमटी वाढली. पाटीवर मोठमोठ्या अक्षरांत टोचलेले होते, ‘एक पान राखू, जंगल राखू’. आमटी ‘राखू’मधून गळाली. कोल्ह्याने घाईघाईने पाटी तिरकी केली, तेव्हा ती ‘जंगल’मधून गळाली. “आणखी वाढा!” कोल्हा ओरडला. आणखी वाढली, तीही गेली. जमिनीतून वाळवी वर आली आणि कोल्ह्याच्या पंगतीला खालच्या बाजूने बसली. कोल्ह्याच्या तोंडी मात्र एक थेंब लागेना.

पहिल्यांदा हसली ती अस्वलीण. ती इतकी हसली, की तिच्या नथीचा आकडा निघाला. मग वरपक्ष हसला, मग सगळी पंगत, मग आढ्यावरून माकडसुद्धा.

“बाई,” अस्वलीण डोळे पुसत साळूबाईला म्हणाली, “पाट्या आम्हीही पुष्कळ पाहिल्यात. पण आपली चूक मांडवात उभं राहून सांगणारी धंदेवाली नाही पाहिली. तुमच्या पळसाला पानं येऊ देत. मग आमच्याकडच्या बारशाला, मधलं पान सोडून जेवढ्या होतील, तेवढ्या पत्रावळी द्या. जास्त एकही नको.”

लग्न पार पडले. पत्रावळी दिल्या नव्हत्या, म्हणून साळूबाईने अस्वलाचे कंद घेतले नाहीत. ती थंडी कठीण गेली, हे मी लपवणार नाही. ती आणि पिल्ले दूरदूर जाऊन कंद उकरत आणि कधीकधी अर्ध्या पोटी झोपत. माकडाच्या ताटांचा मात्र बाजार उठला होता. जंगलाला आपले भांडे नेण्याची सवय लागली, साचलेली ताटे उपसल्यावर ओढा मोकळा झाला आणि बेडूक जरा वेळ गप्प बसले. फाल्गुनात पळस फुलला, पण दरवर्षीपेक्षा कमी फुलला. साळूबाई त्याच्याखाली बराच वेळ बसून राहिली.

चैत्रात पालवी फुटली. पाने जून झाली, तशी साळूबाईने पुन्हा टोपली उचलली. ‘दोन आपली, मधलं झाडाचं,’ आता पिल्लेही तिच्यामागे म्हणू लागली. निघतील तेवढ्याच पत्रावळी ती लावायची. संपल्या, की दारात उभी राहून सांगायची, “आज पानं नाहीत. उद्या या.” आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइके रागावत नसत. “हिच्याकडे नाही म्हणजे खरंच नाही,” असे एकमेकांना सांगत ती दुसऱ्या दिवशी लवकर येत, आणि येताना पाहुण्यांनाही घेऊन येत. पलीकडच्या डोंगरावरची अस्वलीण तर जाईल तिथे त्या लग्नाची गोष्ट सांगे. पावसाळ्यानंतर पिल्लांनी खड्ड्यात डोकावले, तेव्हा त्यांना तळ दिसला नाही.

एक दिवस कोल्हा पुन्हा आला.

“साळूबाई, काय कल्पना काढलीस! ‘आज पानं नाहीत’! वा! हे सगळ्या जंगलाला कळायला हवं. आपण असं करू, याची एक मोठी पाटी लावू. ताज्या पानांची!”

या वेळी साळूबाई लाजली नाही. जन्मात पहिल्यांदाच तिने आपले सगळे काटे ताठ उभे केले. कोल्हा कुठल्या वाटेने पळाला, ते टिटवीलासुद्धा सांगता आले नाही.

तात्पर्य : झाड राखतो हे सांगण्यासाठी जो झाडच ओरबाडतो, त्याच्या पाटीतून शेवटी आमटीच गळते, म्हणून आधी पान राखावे आणि चुकले तर चुकले म्हणावे, मग आपले चांगले नाव जेवून उठलेलेच गावभर करतात.